क्रोमचं अपडेट लांबवलं तर काय बिघडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँक, बातम्या आणि रेल्वेचं तिकीट सोडून कुठे जात नाही, अनोळखी लिंकला हात लावत नाही, अँटीव्हायरस आहे. मग क्रोम रोज अपडेटसाठी मागे लागतं, त्याकडे काणाडोळा केला तर चालेल का? आणि दुकानातल्या विंडोज ७ च्या पीसीचं काय?

नाही चालणार. चाळीस टॅब उघडे ठेवून महिनामहिना क्रोम बंद न करणाऱ्यांपैकी मीही होतो. सवय मोडली सप्टेंबर २०२३ मध्ये.

तेव्हा वेबपी या फॉरमॅटमधली चित्रं उलगडणाऱ्या कोडमधलं भोक, म्हणजे हल्लेखोराला आत शिरू देणारी चूक, उघडकीला आलं. नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३. ६ सप्टेंबरला ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरोंटो विद्यापीठातला सिटिझन लॅब हा संशोधन गट यांनी ते गूगलला कळवलं. ११ तारखेला क्रोमची दुरुस्त आवृत्ती आली आणि सोबत गूगलची कबुली, की याचा गैरफायदा घेणारा कोड आधीच बाहेर फिरतोय. दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची दुरुस्ती. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, शिवाय सिग्नलचं डेस्कटॉप ॲप, सगळ्यांची धावपळ, कारण चित्र उलगडणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सगळ्यांची एकच: लिबवेबपी.

चूक काय होती? चित्र उलगडताना हफमन कोडची (माहिती कमी जागेत बसवायच्या एका पद्धतीची) कोष्टकं बनवावी लागतात. त्यांना जास्तीत जास्त किती जागा लागेल हे आधीच ठरवून तेवढीच मेमरी राखून ठेवलेली. मुद्दाम वेडंवाकडं बनवलेलं चित्र दिलं की कोष्टक त्या जागेत मावत नाही आणि लिहिणं शेजारच्या मेमरीत चालू राहतं. पंगतीत वाटी भरली तरी वाढपी थांबत नाही, आमटी शेजारच्याच्या पानात जाते, तसं. फक्त इथे शेजारच्या पानात काय सांडायचं हे हल्लेखोराच्या हातात.

यात तुमचा क्लिक कुठे आला? पान उघडलं की चित्रं ब्राउझर आपणहून उलगडतो. आणि बातम्यांची साइट ओळखीची असली तरी तिच्यावरच्या जाहिराती भलत्याच सर्व्हरवरून येतात.

उगाच घाबरवत नाही. क्रोम हे काम सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या कुंपणात करतं, त्यामुळे संगणकाचा ताबा घ्यायला सहसा आणखी एक भोक लागतं. पण दुरुस्ती जाहीर झाली की ती वाचून मूळ चूक शोधता येते. म्हणजे अपडेट आल्यानंतरचे दिवस न करणाऱ्याला जास्त वाईट. अँटीव्हायरसवर इथे फार भिस्त ठेवू नका. गडबड ब्राउझरच्या मेमरीत होते, वेगळी फाइल डिस्कवर यायलाच हवी असं नाही.

अपडेट नुसतं उतरून भागत नाही, क्रोम बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनाच कोड चालतो. टॅब परत येतात. इन्कॉग्निटोतले येत नाहीत, आणि अर्धवट भरलेला फॉर्म जाऊ शकतो, तेवढं आधी उरकून घ्या.

दुकानातल्या विंडोज ७ च्या पीसीबद्दल: तिथे क्रोम १०९ वरच थांबलंय, आता तिथे नवं अपडेट कधीच येणार नाही. त्यावर बँक उघडू नका. बिलं छापायला राहू दे.