खटल्याआधीची कोठडी : जर्मनीतली आणि आपली

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा जबरी चोरीच्या आरोपाखाली एकोणीस महिने न्यायालयीन कोठडीत आहे. दोषारोपपत्र पंचावन्नाव्या दिवशी दाखल झाले, पण आरोपनिश्चिती, म्हणजे कोणत्या आरोपांवर खटला चालवायचा हे न्यायालयाने ठरवणे, अजून व्हायची आहे. दर मुलाखतीला तो काचेपलीकडून फोनवर एवढेच विचारतो, ‘मावशी, तारीख लागली का?’ माझी मुलगी जर्मनीत असते. ती म्हणते, तिकडे सहा महिन्यांत निकाल लागतो. मग त्यांची न्यायपद्धत आपल्यापेक्षा चांगली म्हणायची का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : जर्मनीतही प्रत्येक खटला सहा महिन्यांत संपत नाही, पण आपल्या मुलीने बोट ठेवले आहे ते नेमक्या जागी. तेथील कायद्याप्रमाणे निकालापूर्वी आरोपीला सहा महिन्यांहून अधिक काळ कोठडीत ठेवायचे असेल, तर तपासाची विशेष अडचण किंवा तशाच तोलाचे कारण वरिष्ठ न्यायालयाला पटवून द्यावे लागते, आणि न्यायालयांवर कायमच कामाचा ताण आहे हे कारण तेथील घटनात्मक न्यायालय मान्य करीत नाही. इंग्लंडमध्ये क्राउन कोर्टातील खटल्यांसाठी अशी मर्यादा 182 दिवसांची आहे. ती सबळ कारणानेच वाढते.

मुदत आपल्याकडेही आहे. मात्र ती पोलिसांना आहे, न्यायालयाला नाही. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. आपल्या भाच्याच्या प्रकरणात ते पंचावन्नाव्या दिवशी आले आणि तो हक्क तेथेच संपला. त्यानंतरची वाट किती लांब असावी, याला तशी कडक मर्यादा नाही. 2022 च्या अखेरीस देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही अशीच माणसे आपल्या तुरुंगांत बहुसंख्य आहेत, आणि मला ही आपल्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव वाटते.

तरीही केवळ वेगावरून न्यायपद्धतीची प्रत ठरवू नये. आपल्याच नाशकात विजयानंद नाट्यगृहात 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकचा ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला. ज्यूरीविना तीन न्यायाधीशांपुढे खटला चालला आणि 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झालीही. जपानमध्ये आरोपपत्रापूर्वीची कोठडी एका अटकेमागे जास्तीत जास्त 23 दिवस असते, पण त्या दिवसांतील चौकशीला वकील जवळ नसतो. तेथील इवाओ हाकामादा यांना 1966 मध्ये अटक झाली. पुढे त्यांनी नाकारलेला कबुलीजबाब पुराव्यात धरला गेला, 1968 मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि निर्दोषत्वाचा निकाल यायला 2024 उजाडले. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा आपला नियम या बाबतीत कितीतरी सावध आहे.

आता आपल्या भाच्याविषयी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, की न्यायालयाने त्याला सोडावयाचे असते, आणि तसा अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकांचे काम आहे. जबरी चोरीची कमाल शिक्षा साधारणतः दहा वर्षे, म्हणजे ही मुदत तीन वर्षे चार महिन्यांची होते. खटला दंडाधिकाऱ्यांपुढे असेल, तर त्याआधीचाही एक मार्ग आहे : पुराव्यासाठी नेमलेल्या पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी त्या सर्व काळात कोठडीतच असला, तर त्याला जामीन मिळायला हवा, नाकारायचा झाल्यास कारणे लेखी द्यावी लागतात. हे साठ दिवस आरोपनिश्चितीशिवाय सुरूच होत नाहीत. म्हणून वकिलांना प्रथम आरोपनिश्चिती लवकर करण्यासाठी अर्ज द्यायला सांगा, आणि नियमित जामिनाचा अर्ज यासाठी थांबवू नका. वकील परवडत नसेल, तर कोठडीतील व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. पुढच्या मुलाखतीत त्याच्याकडून अटकेची नेमकी तारीख आणि त्याच्यावर आणखी एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, हे विचारून घ्या; तसे असल्यास कलम 479 चा लाभ मिळत नाही.