पॉलिसी मुलीच्या नावावर आहे म्हणता?

फोंड्याहून एका वाचकाने तीन शाळांचा तक्ता पाठवला आहे. मुलगी पाच वर्षांची, पुढच्या वर्षी पहिलीत. घरापासून चालत जाण्याजोगी गोवा बोर्डाची अनुदानित शाळा, वह्या-शिकवणीसकट वर्षाला २० हजार. गावाबाहेरची सीबीएसई, बस धरून १ लाख १५ हजार. आणि पर्वरीकडची ‘इंटरनॅशनल’, अडीच लाख. नवरा-बायकोचे मिळून महिन्याला हातात येतात ७२ हजार. त्यातले ५५ हजार पत्र लिहिणाऱ्या नवऱ्याचे, वेर्ण्याच्या कंपनीतले. फ्लॅटचा हप्ता २४, घरखर्च ३०. यातली कुठली शाळा परवडेल, असा प्रश्न. आणि जाता जाता एक वाक्य: ‘पुढच्या शिक्षणाची चिंता नाही, बँकेतून चाइल्ड प्लॅन घेतलाय, पॉलिसी मुलीच्याच नावावर आहे.’

शाळा जरा बाजूला ठेवा. चिंता इथेच आहे.

कागद पाहिले. विमा मुलीचा उतरवलाय. मिळवते तुम्ही, कर्ज तुमच्या डोक्यावर, आणि विमा पाच वर्षांच्या पोरीचा! उद्या वेर्ण्याच्या वाटेवर तुमचं काही बरंवाईट झालं तर कंपनी घरी एक रुपया देणार नाही. उलट पुढचा हप्ता मागेल. हप्तामाफीचं कलम, म्हणजे पालक गेला तर पुढचे हप्ते माफ, असं असतं तर गोष्ट वेगळी. तुमच्या पॉलिसीत ते नाही.

आता परतावा. हप्ता वर्षाला १ लाख २० हजार, बारा वर्षं. भरले १४ लाख ४० हजार, विसाव्या वर्षी हाती २८ लाख. ‘जवळपास दुप्पट’ असं बँकेतल्या बाईंनी सांगितलं. खरंच आहे, पण वीस वर्षांत. व्याज काढलं तर साडेचार टक्के. शिवाय पैसे येतात मुलगी २३ वर्षांची झाल्यावर. तोवर ती पदवी घेऊन नोकरीला लागलेली असेल.

दोन हप्ते गेलेत. ‘आता सोडलं तर नुकसान होईल’ हे वाक्य विकणाऱ्यांना फार आवडतं. हिशेब करू. दोन्ही हप्ते पूर्ण बुडाले असं धरा. उरलेले दहा हप्ते सुकन्या समृद्धीत, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत टाकले, तर आजच्या ८.२ टक्के दराने त्याच विसाव्या वर्षी खात्यात साधारण ३५ लाख होतात. दर सरकार तिमाहीला ठरवतं, थोडा घसरेलही. तरी २८ च्या वर राहायला पुष्कळ जागा आहे. आणि मुलगी अठराची झाली की निम्मी रक्कम शिक्षणासाठी काढता येते. पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे आज मोडली, तर किती आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. तोंडी आकडा घेऊ नका.

आधी मात्र स्वतःचा एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा. छत्तीसाव्या वर्षी, तंबाखू नसेल तर वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही गेलाय. फॉर्ममध्ये रक्तदाब लपवू नका.

राहिली शाळा. ७२ मधून २४, ३० आणि सुकन्येचे १० गेले, उरले ८ हजार. ‘इंटरनॅशनल’ला महिन्याला २१ लागतील. फी वर्षाला दहा टक्क्यांनी वाढली तर बारावीपर्यंत ५३ लाख! ‘बार्देशातल्या जमिनीची इन्व्हेंटरी सुटली की सोपं होईल,’ असं तुम्ही लिहिता. इन्व्हेंटरी म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं कोर्टातलं प्रकरण. सहा हिस्सेदार, त्यातला एक लिस्बनला. ती सुटेपर्यंत मुलीचं लग्न होईल. ते पैसे हिशेबात धरूच नका. आणि सहा वर्षांच्या पोरीला रोज म्हार्दोळ, बाणस्तारी, जुने गोवे करत पर्वरीला न्यायचं कशाला?

नावात ‘इंटरनॅशनल’ आहे म्हणून शाळेचं बोर्ड आंतरराष्ट्रीय ठरत नाही. तो शब्द नुसता पाटीवरही असू शकतो. त्या शाळेच्या माहितीपत्रकात ‘संलग्नतेची प्रक्रिया सुरू’ असं छापलंय, म्हणजे आज संलग्नता नाही. सीबीएसईच्या शाळेचं संलग्नतेचं पानही बोर्डाच्या संकेतस्थळावर उघडून बघा: कितवीपर्यंत आणि कुठल्या सालापर्यंत. तिला महिन्याला साडेनऊ हजार लागतात, तेही तुमच्याकडे नाहीत.

अनुदानित शाळेला तुम्ही ‘सरकारी’ म्हणून नाक मुरडलंय. ती सरकारी नाही. व्यवस्थापन खासगी संस्थेचं, शिक्षकांचे पगार सरकारचे, म्हणून फी कमी. तिथे घाला. त्याआधी एकदा मुख्याध्यापकांना भेटून गणित-विज्ञानाचे किती शिक्षक कायम आहेत आणि किती लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासावारी पगारावर, एवढं विचारून या.