वकीलसाहेब, एक विचारू?

या महिन्याच्या गठ्ठ्यात सरकारवर चिडलेली पत्रं जास्त निघाली, म्हणून तीच घेतो. वाटणी आणि घटस्फोटवाले पुढच्या अंकापर्यंत थांबतील.

वकीलसाहेब, डोकं माझं, गाडी माझी, गाडीचे हप्तेही मीच भरतो. मग हेल्मेट नाही म्हणून चालान मले काहून? मित्र म्हणते, मांजावरची बंदी चालते तर हेही चालवून घे.
— घरोघरी जेवण पोचवणारा, मानेवाडा

मित्राला सांग, या दोन गोष्टी एका दावणीला बांधू नको. नायलॉन मांजानं उडवणाऱ्याचा गळा कापला जात नाही, खालून जाणाऱ्या तुझ्यासारख्याचा कापला जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2017 साली त्यावर देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, तरी संक्रांत आली की गळ्याला दुपट्टा गुंडाळूनच घराबाहेर पडावं लागतं. इथं सरकारनं हात घातला तर मी म्हणेन, आणखी जोरात घाला.

हेल्मेटचं तसं नाही. फुटलं तर तुझंच डोकं फुटणार. यावर नेहमीचं उत्तर असं, की तू पडलास तर सरकारी मेडिकल रुग्णालयात तुझ्यावर लोकांच्या पैशानं उपचार होतात, म्हणून लोकांना बोलायचा हक्क आहे. हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण तो कुठं थांबेल ते सांगता येत नाही. याच न्यायानं उद्या पोह्यावरची तर्री मापून देतील आणि सावजी भोजनालयाच्या दारात रक्तदाब तपासायला शिपाई बसवतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्येच पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे. म्हणजे माणसाच्या श्रद्धेपुढे सक्ती मागं सरकू शकते, हे कायदा करणाऱ्यांनाही मान्य होतं. मागं बसवलेल्या पोराला सक्ती हवीच, त्याला कोणी विचारून बसवत नाही. सज्ञान माणसाला सल्ला पुरे. पण हे झालं माझं मत. कायदा आज वेगळा आहे, तेव्हा चालान भर. आणि हेल्मेट घाल बाबा. मीही घालतो.

आमच्या गावात बायकांनी एकी करून दारूचं दुकान उठवलं. आता शिकलेले लोक म्हणतात, दारूबंदी म्हणजे स्वातंत्र्यावर घाला. नवरा पिऊन मारतो तेव्हा बाईचं स्वातंत्र्य कुठं जातं?
— अंगणवाडी सेविका, हिंगणा तालुका

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही, कारण ते बरोबरच आहे. बायकोला मारणं हा गुन्हा आहे, मग दारू पिऊन मारो की चहा पिऊन. ठाण्यात तिची तक्रार कोणी नीट लिहून घेत नाही, म्हणून ती दुकानावर चालून जाते. माणसाला माणसापासून वाचवणं हे सरकारचं पहिलं काम. ते झालं नाही म्हणून दुसरं काम त्याच्या गळ्यात घालायची वेळ येते.

'आडव्या बाटली'च्या मतदानाला माझा विरोध नाही. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान उठतं. ज्यांना झळ लागते त्याच ठरवतात, आणि निर्णय दुकानापाशी थांबतो, कोणाच्या घरात शिरत नाही.

अख्खा जिल्हा कोरडा करणं ही गोष्ट निराळी. दारूबंदी असलेला वर्धा आपल्या शेजारी आहे, गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, चंद्रपुरात 2015 साली घातली आणि 2021 मध्ये उठवली. घटनेचं कलम 47 सरकारला दारूबंदीच्या दिशेनं जायला सांगतं, हेही मी विसरलेलो नाही. पण मी असे खटले चालवलेत. पंच तेच, पंचनाम्याची भाषा तीच, फक्त आरोपीचं नाव बदललेलं. आणि आरोपी कोण? मोठा पुरवठादार मला एकदाही आरोपीच्या पिंजऱ्यात दिसला नाही. दिसायचा तो पिशवीत दोन बाटल्या घेऊन एसटीतून उतरलेला माणूस.

आता आपल्या नागपूरचं सांगतो, इथं तर बंदी नाही. तरीही 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणं या राज्यात प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी दारूचा परवाना पाच रुपयांना मिळतो. धरमपेठेतल्या कुठल्याही बारमध्ये रात्री नऊला उभं राहून विचारा, किती जणांच्या खिशात तो निघतो. सगळेच मोडतात तो कायदा सगळ्यांना लागत नाही. साहेबाच्या मनात येईल त्याला लागतो. माझी हरकत दारूच्या बाजूनं नाही, साहेबाच्या हातात आयती दिलेल्या या काठीला आहे. (जाता जाता सांगतो, या कायद्यात दारूची तारीफ करण्यालाही बंदी होती. सर्वोच्च न्यायालयानं 1951 मध्ये बलसारा खटल्यात ती उडवली, पण दारूबंदीचा मुख्य भाग राखला.)

स्वातंत्र्य आणि सरकारच्या मर्यादा हे सिव्हिल लाइन्सवाल्यांचे विषय. आम्हा कास्तकारांना हमीभाव पाहिजे, म्हणजे सरकार जास्तच पाहिजे.
— कास्तकार, सावनेर तालुका

भाऊ, तुमच्याच तालुक्यातून मध्य प्रदेशातल्या सौंसरकडं रातच्या कापसाच्या बैलबंड्या का जायच्या, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. माझे मामा त्यातलेच. 1971 साली कायदा झाला आणि पुढच्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतू चांगलाच होता, अडत्यांच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा. झालं असं, की विकायचं ते सरकारी संकलन केंद्रावरच, आणि राज्याच्या हद्दीबाहेर बोंड न्यायचं नाही. स्वतःच्या वावरातला, स्वतःच्या घामाचा कापूस मामांच्या बंडीत असला की मामा तस्कर! ग्रेडर म्हणेल ती प्रत, खरेदी करणारा पणन महासंघ देईल तेव्हा चुकारे. हप्त्याहप्त्यानं पैसे, वर निधीची कपात. ज्या वर्षी मध्य प्रदेशात भाव चढा, त्या वर्षी कापूस इकडून तिकडं जायचा. इकडचा हमीभाव चढा असला की तोच कापूस उलटा यायचा. नाक्यावरच्या माणसाची दोन्ही वर्षं बरकतीची जायची. 2002 नंतर खासगी व्यापाऱ्याला दार उघडलं, तेव्हा कुठं मामांचा कापूस दिवसाउजेडी हलला.

हमीभाव जरूर मागा. बाजार पडला तर सरकारनं ठरलेल्या भावानं घ्यावं आणि चढला तर तुम्ही दुसरीकडं विकावं, यात तुमचं काहीच जात नाही. पण हमीभावासोबत 'दुसऱ्याला विकायचं नाही' अशी ओळ आली, तर त्या कागदावर सही करू नका. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हेच भांडण मांडलं होतं, आणि 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला मान्यता नसलेलं कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं तेही त्याच सुरात. त्या बियाण्याबद्दल मला शंका आहेत. शेजारच्या वावरावर परिणाम होत असेल तर तो प्रश्न मांजाच्या रांगेत जाऊन बसतो. पण वावरात काय पेरावं हे आधी कास्तकारानं ठरवावं आणि आक्षेप असेल तर तो सिद्ध करायचं ओझं सरकारवर असावं, एवढं मी मानतो.

कायदे वाईट असतील तर कोर्ट आहे ना? मग एवढी काळजी कशाला?
— एमपीएससीचा विद्यार्थी, नंदनवन

1976 चा एडीएम जबलपूर खटला वाच. आणीबाणीत अटक झालेल्यांची याचिका ऐकता येते, असं ज्या उच्च न्यायालयांनी सांगितलं त्यांत आपलं नागपूर खंडपीठही होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते सगळे निकाल चार विरुद्ध एक असे फिरवले. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे उभे राहिले. तो निकाल स्पष्टपणे मोडीत निघायला 2017 उजाडलं. तोवर आत बसलेल्यांची नातवंडं मतदार झाली होती.

जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचांनी आम्हाला वाळीत टाकलंय. दुकानदार सामान देत नाही. तुम्ही तर सरकार लांब ठेवा म्हणता.
— नाव-गाव छापू नये

तुमच्यासाठी सरकारनं लांब राहू नये. पंचांना कोणी निवडून दिलेलं नाही आणि त्यांच्यावर अपीलही नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मला हा कायदा आवडतो, कारण यात काठी वाळीत पडलेल्याच्या हाती येते. तक्रार ठाण्यात द्या. तिथं टोलवाटोलवी झाली तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जा. दुकानदार नाही म्हणाला ती तारीख, वेळ आणि तिथं कोण उभं होतं, हे आजच वहीत लिहून ठेवा. पंच घरी येऊन दंडाची रक्कम सांगतील तेव्हा एकट्यानं बसू नका.