नववीच्या वर्गाला जुनी कागदपत्रं टंकलिखित करायला द्यावीत का? (परभणीतल्या एका शिक्षकांचा प्रश्न)

द्या की, सर. फक्त सुरुवात मोडीपासून नको. आपल्याकडची निजामकाळातली दप्तरं मोडी नाहीतर उर्दूत. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. पोरं दुसऱ्याच ओळीला कंटाळतील.

मराठी विकिस्रोतावर (विकिपीडियाच्याच परिवारातलं मोफत ऑनलाइन ग्रंथालय) स्वामित्वहक्क संपलेली छापील पुस्तकं आहेत. डावीकडे मजकूर टाइप करायचा, उजवीकडे मूळ पानाचं चित्र. एकानं तपासलं की पान पिवळं, दुसऱ्यानं पुन्हा पडताळलं की हिरवं. पिवळं करणाऱ्याला तेच पान हिरवं करता येत नाही, म्हणून अख्ख्या वर्गाला एकच खातं काढून देऊ नका. दोघांच्या जोड्या लावा: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं.

खरी गंमत शुद्धलेखनात आहे. 'नाहीं', 'कांहीं' दिसलं की पोरं लगेच अनुस्वार खोडतात. खोडू द्यायचं नाही, जसं आहे तसंच उतरवायचं. असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकणारे 1962 चे लेखननियम इथंच शिकवून घ्या, आयताच तास मिळतो!

गुण पानं मोजून देऊ नका, भराभर चुकीचं टाइप होतं. न लागलेला शब्द कोणी प्रामाणिकपणे खूण करून सोडला तर त्यालाच जास्त द्या.