पेनड्राइव्ह हरवला तर?

‘मॅडम, माझा डेटा गेला तर?’ हा प्रश्न संशोधक विद्यार्थ्यांकडून मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यावर एकदा लिहावेसे वाटले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यावर पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी झोप लागत नाही म्हणून समुपदेशनासाठी माझ्याकडे आली. चाळीस मुलाखतींची ध्वनिमुद्रणे असलेला पेनड्राइव्ह तिने नाडीला बांधून गळ्यात घातला होता, आणि बोलताना तिची बोटे सारखी त्याच्याकडे जात. दुसरी प्रत कुठेच नव्हती, हे मला तिसऱ्या भेटीत कळले.

“एवढी भीती वाटते, तर प्रत का काढली नाहीस?”

“काढवत नाही.”

“हा हरवला तर काय होईल?”

“तीन वर्षे वाया जातील.”

“आणि दुसऱ्या कुणाला सापडला तर?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यात बायकांची नावे आहेत, मॅडम. उचल कोणत्या मुकादमाकडून घेतली, कुणाचे गर्भाशय काढले आहे, सगळे आहे. ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ असे विचारून बोलल्या आहेत त्या.”

त्या क्षणी मला गाठ सापडली. तिला एक नव्हे, दोन भीती वाटत होत्या, आणि त्या तिला विरुद्ध दिशांना ओढत होत्या: डेटा हरवण्याच्या भीतीला जास्त प्रती हव्या होत्या, तर तो उघड होण्याच्या भीतीला एकही नको होती. चिंतेला धीर देण्यापेक्षा तिच्यामागचा विचार सुटा करावा, या माझ्या जुन्या श्रद्धेला त्या दिवशी बळ मिळाले.

गाठ सुटल्यावर उपाय साधे होते. आधी नावे वेगळी केली. प्रत्येक स्त्रीला एक संकेतांक दिला, नावे आणि संकेतांक जुळवणारी यादी मुलाखतींपासून दूर, वेगळ्या कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या, फाइलमध्ये ठेवली आणि संमतिपत्रे विभागातील कुलूपबंद कपाटात गेली. ध्वनिमुद्रणात आवाज आणि नावे राहतातच, म्हणून तीही व्हेराक्रिप्टसारख्या मोफत साधनाने कूटबद्ध केली. मगच तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा सर्वमान्य नियम तिला पाळायला लावला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वेही सहभागींच्या गोपनीयतेची जबाबदारी संशोधकावर टाकतात, हे तिला ठाऊक होते. ती निभवायची कशी, हे मात्र कुणी दाखवले नव्हते.

‘फायनल’, ‘नवी फायनल’, ‘खरी फायनल’ अशा नावांच्या फाइलींना तिने वर्ष, महिना, दिवस आणि संकेतांक या क्रमाने नावे दिली, म्हणजे त्या आपोआप ओळीने लागतात. महिन्यातून एकदा प्रतीतील एखादी फाइल उघडून ऐकावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते, कारण न तपासलेल्या प्रतीवर विसंबता येत नाही.

पासवर्ड विसरला तर कूटबद्ध फाइल कुणालाच उघडता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून, पाकिटात घालून मार्गदर्शकांकडे ठेवायचे ठरले. ते पाकीट तिने माझ्यासमोरच चिकटवले.