वरचा मजला बांधायच्या आधी ताई, घराचा उतारा काढा

फैजपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. पहिले मिस्टर वारले, त्यांचा मुलगा आता 17 वर्षांचा. दुसरं लग्न झालं, आताच्या मिस्टरांना पहिल्या बायकोची एक मुलगी आहे, ती सासरी असते, आणि सासूबाई हयात आहेत. ताईंकडे पहिल्या मिस्टरांच्या विम्याचे 14 लाख एफडीत आहेत, ते मोडून भुसावळच्या घरावर मजला चढवायचा विचार आहे, घर मिस्टरांच्या नावावर, "पोरगं वर राहील, हे त्याला स्वतःचाच मानतात."

ताई, ते मनापासून मानत असतील, मला शंका नाही. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाच्या वारसांत मुलगा म्हणजे पोटचा किंवा दत्तक, सावत्र मुलगा त्यात येतच नाही. घर मिस्टरांनी स्वतः घेतलेलं असेल आणि त्यांचं काही बरंवाईट झालं तर तीन सारखे हिस्से पडतात, तुमचा, त्यांच्या मुलीचा आणि सासूबाईंचा. तुमच्या पैशाचा मजला पण घरासोबत त्याच वाटणीत ओढला जाणार आणि पैसे माझे होते म्हणून तुम्ही कोर्टाच्या चकरा मारणार. घर वडिलोपार्जित असेल तर अजून अवघड, कारण 2005 पासून मुलीचा त्यात जन्मापासून हक्क आहे, लग्न झालेलं असलं तरी.

मिस्टर म्हणतात नॉमिनी करतो. बरेच लोक इथंच फसतात. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते, पण मालक वारसच राहतात. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव लावलं, आधारवर लावलं, त्यानेही वारसा येत नाही. आणि दत्तक म्हणाल तर हिंदू दत्तक कायद्याने 15 वर्षं पूर्ण झाली की तशी रूढी असल्याशिवाय घेता येत नाही, म्हणजे ती वेळ गेली; बाल न्याय कायद्याने सावत्र वडिलांना पोरगं 18 चं व्हायच्या आत दत्तक घेता येतं, ते वकिलाला लगेच विचारा.

म्हणून माझं स्पष्ट मत, आजच्या स्थितीत एफडी मोडू नका. आधी उतारा काढून घर कोणाचं ते बघा. मिस्टरांचं स्वतःचं असेल तर बांधकामाआधी घराचा हिस्सा बक्षीसपत्राने तुमच्या नावावर रजिस्टर करून घ्या, नवरा बायकोला राहतं घर देतो तेव्हा महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, वर स्थानिक अधिभार किती लागेल ते दुय्यम निबंधकांकडे विचारा. तो हिस्सा तुमचा झाला की पुढे मुलाला द्यायचा मार्ग तुमच्या हातात राहतो. मृत्युपत्र पण करा दोघांनी, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही तरी करा, फक्त ते कधीही बदलता येतं म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर 14 लाख घालू नका. त्यांच्या मुलीला समोर बसवून हे बोला, लपवून केलं तर पुढे भांडण नक्की आहे.

अजून एक, हे तुम्ही विचारलंच नाही पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही दुसरं लग्न केलं म्हणून पोराचा त्याच्या सख्ख्या बापाच्या वावरातला हक्क गेलेला नाही. पहिल्या सासरच्या जमिनीचा सातबारा काढा, वारस नोंदीत त्याचं नाव लागलंय का बघा, नसेल तर या महिन्यातच तलाठ्याकडे अर्ज द्या.