जुन्या काळच्या लोकांबद्दल डीएनएनं सगळं कळतंय, मग भाषा आणि उत्खनन कशाला?

डीएनए माणसं कुठून आली, कोणात मिसळली हे सांगतो, पण ती काय बोलत होती ते हाडात लिहिलेलं नसतं हो. हरियाणातल्या राखीगढीचं बघा, सिंधू संस्कृतीचं जुनं शहर, आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजची टीम होती, ६० च्या वर सॅम्पल तपासले आणि डीएनए मिळाला एका बाईचा, कारण आपल्याकडच्या उष्णतेत तो फारसा टिकत नाही. २०१९ ला त्यावर शोधनिबंध आला, तिच्यात स्टेप म्हणजे मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश नाही, आज तो बऱ्याच भारतीयांत आहे, म्हणजे नंतर आला. पण ती बाई कुठली भाषा बोलायची? सिंधू लिपीच अजून वाचता आलेली नाही.

आता भाषेची बाजू घ्या. दादरला उतरताना ‘आपण उतरू’ म्हटलं की समोरचाही त्यात येतो, ‘आम्ही उतरतो’ म्हटलं की तो गाडीतच राहिला. हा फरक तमिळ, तेलुगूत आहे, हिंदीत नाही, त्यामुळे बरेच भाषातज्ज्ञ म्हणतात की इथे जुन्या काळी द्रविड भाषा बोलणारे लोक मराठीत मिसळले. हे कुठल्याही लॅबमध्ये दिसणार नाही!

आणि उत्खननाचं म्हणाल तर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला घराच्या जमिनीखाली मडक्यात पुरलेली लहान मुलं सापडली, साधारण ३००० वर्षांपूर्वीची. आईबापांनी लेकरू घरातच ठेवलं, ही गोष्ट फक्त खोदल्यावरच कळते. मला तर यातलं एकही सोडवत नाही. तिन्ही एकत्र वाचा, आणि जिथे जुळत नाहीत तिथे जास्त लक्ष द्या.